महिषासुर किती बळकट असावा?

सोलापूरकरांना महिषासुराची गोष्ट सांगावी लागत नाही. कोजागिरीला निम्मं शहर तुळजापूरच्या रस्त्याला पायी लागतं, आणि तिथल्या गाभाऱ्यातली भवानी ही महिषासुरमर्दिनीच आहे. पण ही गोष्ट एकदा खेळ चालवणाऱ्याच्या कानानं ऐकून पाहावी. देवीमाहात्म्यातला महिषासुर एकाच रूपात लढत नाही. रेडा होऊन तो खुरांनी, शिंगांनी, शेपटीनं देवीचे गण उधळून लावतो. पाशात सापडला की सिंह होतो. सिंहाचं मुंडकं उडवलं की ढाल-तलवार घेतलेला पुरुष उभा राहतो, त्याच्यावर बाण बरसले की हत्ती, आणि हत्तीची सोंड तुटली की पुन्हा रेडा. देवीच्या हातात काय आहे? शिवाचा त्रिशूळ, विष्णूचं चक्र, अग्नीची शक्ती, वायूचं धनुष्य, इंद्राचं वज्र. एकेकट्या देवाला जो आवरला नाही, तो सगळ्यांचं तेज आणि सगळ्यांची शस्त्रं एकत्र आल्यावर आवरला. त्याचं बळ नेमकं मोजलेलं आहे. कुणाही एकाला तो पुरून उरतो, आणि सगळे मिळून उभे राहिले की अखेर पडतो.

ही पुस्तिका त्या मोजमापाविषयी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या कुळातले टेबलावरचे कथाखेळ जे चालवतात, त्यांना मोहिमेच्या शेवटी असा एक महिषासुर उभा करावा लागतो. खेळणारे त्याला सरळ बॉस म्हणतात. तो लेचापेचा निघाला तर कित्येक महिने रंगवत आणलेली गोष्ट दहा मिनिटांत संपते. तो डोईजड झाला तर खेळाडूंच्या पात्रांची सगळी पार्टी मरते, आणि ज्या पात्रांवर माणसांनी जीव लावलेला असतो त्यांचे कागद घडी होऊन दप्तरात जातात. या दोन टोकांच्या मधे कुठे थांबायचं, आणि समोर बसलेली माणसं एकमेकांपासून अगदी वेगळी असताना कसं थांबायचं, हा आमचा विषय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्याचे गुण-अवगुण कागदावर मांडलेले असतात. एक जण जग चालवतो, म्हणजे गावकरी, राजे, राक्षस, हवापाणी सगळं तोच. त्याला कुणी डीएम म्हणतं, कुणी गेम मास्टर. पात्रानं काय करायचं हे खेळाडू सांगतो. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात पात्राच्या कौशल्याचे आकडे मिळवतात, आणि ठरलेला आकडा गाठला की काम फत्ते. लढाईत पाळ्या लागतात. प्रत्येकाला आपली एक पाळी मिळाली की एक फेरी पूर्ण होते. कुणाच्या अंगात किती मार सोसायची ताकद उरली आहे ते एचपीच्या आकड्यात मोजतात. एवढ्या सामग्रीवर हा खेळ १९७४ पासून चालू आहे.

१९७४ हे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत पहिली छोटी पुस्तकं छापली ते साल. पण मुळं त्याहून जुनी आहेत. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर खेळायचा ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ होता. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये त्याला नियम दिले, नुकसानीचे तक्ते दिले, फासे दिले, आणि मधे एक पंच बसवला. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु वेर्न्वा या सेनानीनं म्हटलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच स्वतःच्या समजेनं निकाल देईल तो जास्त खरा. आकडेमोड की जाणत्याची नजर, हा वाद तेव्हापासून चालत आलेला आहे आणि बॉसच्या लढाईत तो सगळ्यात जास्त तापतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आकडे शिकावेत, चोख शिकावेत. पण आकडे मांडण्याआधी टेबलाकडे बघावं.

आता आकड्यांकडे वळू. नवशिक्या गेम मास्टरला वाटतं की बॉस बळकट करायचा म्हणजे त्याचे एचपी वाढवायचे आणि वार जोरात लागेल असं बघायचं. लढाईचा खरा काटा मात्र पाळ्यांवर असतो. समजा पाच पात्रं आहेत आणि चुकलेले वार धरून प्रत्येक जण आपल्या पाळीत सरासरी ९ एचपीचं नुकसान करतो. बॉसचे एचपी १५०. म्हणजे त्याला पाडायला खेळाडूंच्या १७ पाळ्या लागणार. पाच जण असले तर चौथ्या फेरीच्या सुरुवातीलाच तो कोसळतो. तोवर त्याच्या वाट्याला जेमतेम तीन पाळ्या आलेल्या असतात. त्यातल्या एका फेरीत जादूगारानं त्याला जखडून टाकलं तर उरल्या दोन. ज्याच्या नावानं सगळं गाव थरथर कापत होतं, तो दोनदा हात उगारून मरतो.

तोच बॉस आता तिघांसमोर ठेवा. खेळाडूंच्या पाळ्या तेवढ्याच लागतील, १७. पण त्या सहाव्या फेरीपर्यंत पुरतील, म्हणजे बॉसला पाच-सहा वेळा वार करायला मिळेल, आणि ते वार पाचांऐवजी तिघांच्या अंगावर वाटले जातील. माणसं कमी झाली की धोका असा दोन्ही बाजूंनी वाढतो. हिशेब करून पाहिला तर माणशी येणारा मार पावणेतीन पटीच्या घरात जातो. उलट सात जण बसले तर पाचांच्या तुलनेत तो निम्म्यावर येतो. ‘दोघं आले नाहीत, मग बॉसचे थोडे एचपी कमी करू’ असं म्हणून भागत नाही ते यामुळे. जखडून टाकणाऱ्या मंत्राचंही असंच आहे. बॉसची एक पाळी बुडाली की तिघांच्या पार्टीला तीन फुकट वार मिळतात, सातांच्या पार्टीला सात. मंत्र तोच, पण पार्टी जितकी मोठी तितकी त्याची किंमत जास्त.

खेळ बनवणाऱ्यांनी हे दुखणं ओळखलं, आणि प्रत्येक आवृत्तीत त्यावर वेगळा इलाज केला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं प्रत्येक राक्षसाला काठिण्याचा आकडा दिला. चार जणांची पार्टी गृहीत धरायची, आणि तिच्या तोडीच्या लढाईत तिच्याकडच्या साधनसामग्रीचा साधारण पाचवा हिस्सा खर्च व्हावा, असं ते माप होतं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं एकांडा राक्षस असा वेगळा वर्गच केला आणि तो पाच साध्या राक्षसांइतका धरला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना दुसऱ्यांची पाळी संपता संपता वार करायची सोय मिळाली, आणि त्यांच्या गुहेलाही स्वतःची एक चाल मिळाली. त्याच पुस्तकात समोरच्या राक्षसांची संख्या वाढली की काठिण्य गुणायचा तक्ता होता. तीन ते सहा राक्षस असले तर दुप्पट धरायचं. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तो तक्ता काढून टाकला. याच कुळातल्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, हिशेब बराच नेटका झाला आणि तिथला आकडा पुष्कळदा खरा ठरतो. ‘थर्टींथ एज’ या खेळानं २०१३ मध्ये मला फार आवडलेली एक युक्ती केली. दुसऱ्या फेरीपासून टेबलाच्या मधोमध एक साधा फासा ठेवायचा, दर फेरीला तो एकानं वाढवायचा, आणि तेवढा आकडा खेळाडूंच्या वारात मिळवायचा. बॉस सुरुवातीला अभेद्य वाटतो आणि लढाई जसजशी पुढे जाते तसतसे खेळाडू चढत जातात. रटाळ होणारी लढाई आपोआप शेवटाकडे ढकलली जाते.

या सगळ्या तक्त्यांचे मी आभार मानतो. पण ते डोकी मोजतात आणि पातळ्या मोजतात. टेबलावर कोण बसलं आहे ते त्यांना दिसत नाही.

सोलापुरात तर एकसारखी पार्टी जमणंच कठीण. पूर्व भागातल्या घरात तेलुगू बोललं जातं, अक्कलकोटच्या बाजूनं आलेल्याच्या घरी कन्नड, विजापूर वेशीतला दखनीत चेष्टा करतो, आणि टेबलावर सगळ्यांची मिळून मराठी-हिंदी चालते, नियमांपुरती इंग्रजी. एखाद्यानं नियमांचं पुस्तक पाठ केलेलं असतं आणि त्याचं पात्र म्हणजे चालता-बोलता दारूगोळा असतो. त्याच्या शेजारी त्याची मामेबहीण बसलेली असते, ‘बघू तरी काय असतं’ म्हणून आलेली. एकाला बोलायला आवडतं, त्याचं पात्र गवयी आहे आणि त्याला लढाईच नको असते. एक जण दिवसभर दुकानात बसून येतो, त्याला फक्त कुऱ्हाड चालवायची असते. पहिल्याला पुरेल असा बॉस आणला तर दुसरी पहिल्याच फेरीत मरते. तिला झेपेल असा आणला तर पहिला एकटाच त्याला संपवतो आणि बाकीचे माश्या मारत बसतात. सरासरी काढली तर दोघांचाही विरस होतो.

या पुस्तिकेत जे काही सांगायचं आहे ते या अडचणीवर सांगायचं आहे, आणि माझ्या मते तिचा इलाज आकड्यांच्या पलीकडे आहे. लढाईला प्रत्येकाची वेगळ्या कारणासाठी गरज पडली पाहिजे.

ट्रोल या जुन्या राक्षसाचं उदाहरण घेऊ. पाचव्या आवृत्तीत त्याचे एचपी ८४. त्याची पाळी आली की १० एचपी आपोआप भरून येतात. आगीचा किंवा आम्लाचा मार बसला असेल तर मात्र पुढच्या पाळीला ते भरत नाहीत. ज्या पार्टीत आगीचे मंत्र जाणणारा जादूगार आहे तिला ट्रोल म्हणजे किरकोळ काम. ज्या पार्टीत नुसते तलवारबाज आहेत तिथे तो पडतो आणि पुन्हा उठतो, पडतो आणि पुन्हा उठतो. काठिण्याचा आकडा दोन्हीकडे तोच. आता नियमातली एक बारीक गोष्ट पाहा. पेटती मशाल अंगाला लागली तर आगीचं नुकसान होतं फक्त १ एचपी. पण तेवढ्या एकानं त्याचे १० थांबतात. म्हणजे सगळ्यात दुबळं पात्र, ज्याच्या हातात धड शस्त्रही नाही, ते मशाल घेऊन दर फेरीला ट्रोलला चटका देत राहिलं तर तलवारबाजांची मेहनत कारणी लागते. मशालवाला नसेल तर लढाई हरायची वेळ येते. रक्तबीजाच्या कथेत नेमकं हेच आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उभा. मातृका जितक्या जोरानं घाव घालतात तितकी गर्दी वाढते. शेवटी घाव घालणारी एक आणि रक्त जमिनीवर पडू न देणारी काली दुसरी, अशी कामं वाटून घेतल्यावर तो संपतो. तिथे नुसती शक्ती वाढवून उपयोग नव्हता, दुसऱ्या प्रकारचं काम करणारी कुणीतरी हवी होती.

आमच्या टेबलावरचा एक बॉस इथे जरा सविस्तर सांगतो, कारण पुस्तिकेचं तिसरं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे. जागा एक बंद पडलेली कापडगिरणी. सोलापूरच्या माणसाला ती वर्णन करून सांगावी लागत नाही. चिमणी, भोंगा, गंजलेलं फाटक, आत अंधार. बॉस म्हणजे गिरणीचा मेलेला मुकादम, एका अजस्र मागाला जखडलेला. माग जेकार्डचा. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या पद्धतीनं उतरते तीच ही पद्धत. छिद्रं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक मागात जातात आणि कुठला धागा उचलायचा ते छिद्रावरून ठरतं. मी बुटाच्या खोक्याची कार्डं कापली, त्यांवर खुणा काढल्या, आणि पुढची तीन कार्डं कायम टेबलावर उघडी ठेवली. मुकादमाची प्रत्येक चाल आधी सगळ्यांना दिसायची. धोट्याचं कार्ड आलं की सगळ्यात लांब उभ्या असलेल्याच्या अंगावर धोटा सुटायचा आणि परत येताना वाटेतल्या दुसऱ्या कुणालाही लागायचा. ताण्याचं कार्ड आलं की जवळचा माणूस धाग्यांनी आवळला जायचा. कात्रीचं कार्ड म्हणजे आवळलेल्याला जबर मार. दर फेरीच्या सुरुवातीला भोंगा वाजायचा आणि सावलीतले दोन कामगार उठून यायचे.

चाल आधी दिसते म्हटल्यावर नियम पाठ असलेला आणि नियम न कळणारी यांच्यातलं अंतर एकदम कमी झालं. ताण्यानंतर कात्री येते आहे हे कळायला पुस्तक वाचलेलं असावं लागत नाही. सगळे माना पुढे काढून कार्डांकडे बघत होते. दुकानवाला म्हणाला, ‘लांब कोण थांबणार बे? धोटा मी घेतो, माझ्या अंगावर चिलखत आहे.’ नियमांचा जाणकार सावलीतल्या कामगारांना उडवत होता आणि त्याला तेवढं काम पुरत होतं, कारण ते संपतच नव्हते. तेवढ्यात पहिल्यांदाच खेळायला आलेली मुलगी, जिच्या घरी माग आहेत, हळूच म्हणाली, ‘कार्ड उलटं गेलं तर नक्षी बिघडते. मी मागावर चढून कार्ड फिरवू शकते का?’

याला कुठल्याही पुस्तकात नियम नाही. मी आकडा आधी जाहीर केला, तेरा किंवा वर. तिनं फासा टाकला, नऊ पडले. ती मागावरून घसरली आणि धोटा तिच्या बरगडीत बसला. दोन एचपी उरले. टेबलावर कुणी बोलेना. मग नियमांच्या जाणकारानं स्वतःची सगळ्यात भारी चाल हातात असताना ती टाकून दिली, तिच्यापुढे ढाल धरून उभा राहिला आणि म्हणाला, ‘तू चढ परत.’ दुसऱ्यांदा सोळा पडले. कात्रीचं कार्ड उलटं गेलं आणि मागाचे सगळे धागे मुकादमालाच आवळत गेले. त्यानंतरही लढाई दीड फेरी चालली, गवयी मेला असता तर नवल नव्हतं, पण निकाल तिथे फिरला.

त्या मुकादमाच्या एचपीचा आकडा मला आज आठवत नाही. कार्डं अजून माझ्याकडे आहेत. चाल आधी दाखवणं, बॉसला अशी एखादी वस्तू जोडणं जिला हात घालता येतो, आणि जाणकाराला न संपणारं काम देणं, या तीन गोष्टींवर त्या रात्रीचं माप जुळलं. त्याच्या एचपीत पन्नासाचा फरक असता तरी फारसं बिघडलं नसतं.

इथे एक सावधगिरी सांगतो. कार्ड फिरवणं हा त्या लढाईतून सुटण्याचा एकमेव मार्ग असता, आणि मागावरचं जाणणारं कुणी टेबलावर नसतं, तर ती लढाई म्हणजे उत्तर माहीत नसलेलं कोडं झाली असती. बॉसचा कच्चा दुवा एकच ठेवू नये. माग जाळता यावा, भोंग्याची वाफ तोडता यावी, मुकादमाशी बोलता यावं. गवयानं बोलायचा प्रयत्न केलाच होता, आणि मुकादमाला आपण मेलो आहोत हेच ठाऊक नव्हतं, ही गोष्ट त्यातूनच बाहेर आली. शेवटच्या फेरीत ती कामाला आली.

बॉसला मारणं हाच लढाईचा हेतू असावा असंही नाही. आपल्या इतिहासाकडे बघा. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल उभे राहिले ते समोरची फौज संपवायला नव्हे. महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत खिंड धरायची होती, तोफांचा आवाज ऐकू येईपर्यंत. विजय वेळेत मोजायचा होता. आदल्या रात्री पन्हाळ्याहून दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद बसला. त्यानं जे काम केलं त्याला कुठल्याही तक्त्यात नुकसानीचा आकडा नाही. त्याआधी १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं? अफझलखान तुळजापूर-पंढरपूरच्या वाटेनं वाईला उतरला होता. सपाटीवर त्याच्या घोडदळापुढे टिकणं अवघड, म्हणून त्याला जावळीच्या रानात आणलं गेलं, जिथे घोडदळाचा उपयोग नव्हता. आणि सय्यद बंडाची तलवार उठली तेव्हा जिवा महालानं तो हात वरच्या वर तोडला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आपण येता-जाता वापरतो. खेळ चालवणाऱ्यानं तिच्याकडे कामाची गोष्ट म्हणून बघावं. त्या प्रसंगातून जिवा काढून टाकला तर काय झालं असतं, हा प्रश्न टेबलावरच्या प्रत्येक पात्राविषयी विचारावा. ज्याला काढून टाकलं तरी लढाईत काही फरक पडत नाही, त्याच्यासाठी अजून काही लिहायचं राहिलेलं आहे.

जागेविषयी थोडं. आपल्या आजूबाजूला असल्या जागांची ददात नाही. सोलापूरच्या भुईकोटाला दुहेरी तट आहे, बाहेर खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव. एका तटातून आत शिरल्यावर दुसऱ्या तटावरून मारा होतो, हे आत उभं राहिलं की शिकवावं लागत नाही. नळदुर्गला बोरी नदीवर बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळत असताना माणूस आत कोरडा उभा राहू शकतो. दर फेरीला पाणी वर चढत जाणारी लढाई इथे न रचावी तर कुठे? चौथ्या प्रकरणात दोन्ही जागांचे खेळापुरते आराखडे दिले आहेत. ते मोजणी करून काढलेले नाहीत, कुणी इतिहासाच्या अभ्यासासाठी वापरू नयेत.

बॉसनं मंत्र झिडकारण्याचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मोठा राक्षस एका मंत्रात लोळागोळा होऊ नये म्हणून पाचव्या आवृत्तीनं त्याला दिवसातून तीनदा असा मंत्र सरळ फेटाळायची मुभा दिली. हिशेबानं ते योग्य आहे. पण जादूगार खेळणाऱ्याच्या जागी बसून बघा. तो अर्धा तास आपल्या पाळीची वाट बघतो, सगळ्यात मोलाचा मंत्र टाकतो, आणि मी म्हणतो, ‘फेटाळला.’ असं तीनदा. त्यानं घरी बसून पुस्तक वाचलं असतं तरी चाललं असतं. म्हणून आमच्याकडे फेटाळण्याची किंमत बॉसला डोळ्यांदेखत मोजावी लागते. मुकादमानं मंत्र फेटाळला की मागाची एक दोरी तुटायची आणि पुढच्या फेरीत एक कामगार कमी उठायचा. मंत्रानं जे व्हायचं होतं ते झालं नाही, पण काहीतरी झालं आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

फाशांच्या बाबतीत मी कडक आहे. पुष्कळ गेम मास्टर पुठ्ठ्याच्या आडोशाला फासे टाकतात आणि आकडा गैरसोयीचा आला की बदलून सांगतात. हेतू चांगला असतो, कुणी मरू नये किंवा बॉस लवकर पडू नये. पण खेळणाऱ्यांना ते कळतं. एकदा कळलं की मग मागच्या सगळ्या विजयांवर सावली पडते. ज्या मुलीला सोळा पडले तिला ते खरोखरच पडले, हे टेबलावरच्या सगळ्यांनी बघितलं म्हणून त्या सोळाला अर्थ. बॉसच्या लढाईत फासे उघड्यावर टाकावेत, आकडे आधी सांगावेत. सांभाळून घ्यायचं असेल तर ते बॉसच्या निवडीतून घ्यावं. गर्विष्ठ बॉस पडलेल्यावर दुसरा वार करत नाही, पुढच्याकडे वळतो. लोभी बॉस मारत नाही, कैद करतो, खंडणी मागतो. हरणं म्हणजे मरणंच असं नसलं की बॉस निर्धास्तपणे बळकट करता येतो. कैदेतून सुटण्याची गोष्ट ही पुढच्या तीन बैठकांची बेगमी असते.

माणसं ऐन वेळी न येणं हे तर ठरलेलंच. लग्नसराई, परीक्षा, गड्ड्याची जत्रा, मागावरची रात्रपाळी. म्हणून बॉस सुट्या भागांचा बनवावा, असा आग्रह पुस्तिकेत जागोजागी सापडेल. मुकादम हा गाभा, पण कामगार, भोंगा, धोटा हे वेगवेगळे भाग. एक जण कमी आला की एक भाग उतरवायचा, एक जास्त आला की चढवायचा. एचपीला हात लावायचा तो अगदी शेवटी. पाच जणांची एक फेरी व्हायला आरामात पंधरा मिनिटं लागतात. एचपी दुप्पट केले की तासाभराची लढाई दोन तासांची होते, पण एकेका फेरीतला धोका वाढत नाही. कंटाळा मात्र वाढतो.

पुस्तिका कशी वाचावी तेवढं सांगून थांबतो. आकडे सगळीकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत, कारण सोलापुरातल्या टेबलांवर मला तीच पुस्तकं जास्त दिसतात. दुसरा खेळ खेळणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणातला पाळ्यांचा हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा मांडावा, बाकीचं जसंच्या तसं चालेल. दुसऱ्या प्रकरणात लढाईच्या आधी भरायचा एक तक्ता आहे. त्यात राक्षसाविषयी एकही रकाना नाही. खेळणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्याला काय करायला आवडतं, त्याच्या पात्राला काय येतं जे दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि मागच्या बैठकीत तो किती वेळ गप्प होता, एवढंच विचारलं आहे. तो पेन्सिलीनं भरावा, म्हणजे ऐन वेळी कोण आलं नाही ते खोडून बॉसचा कुठला भाग उतरवायचा ते तिथेच ठरवता येतं. सात किंवा जास्त खेळाडूंसाठी तयार बॉस मुद्दाम दिलेला नाही. एवढी माणसं जमली तर दोन टेबलं करावीत, दोन्हीकडे एकाच बॉसची वेगवेगळी अंगं ठेवावीत, आणि एका टेबलावर काय तुटलं त्याची चिठ्ठी दुसऱ्या टेबलावर पाठवावी. ही पद्धत शेवटच्या प्रकरणात आहे, आणि तिच्यासाठी मदतीला आणखी एक गेम मास्टर लागतो.